धाकटीची दाढ

आप्पा, तुमच्या धाकटीच्या दाढेचं सांगायचंय. तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुम्ही जाऊन तर अकरा वर्षं झाली, तेव्हा हे लिहिणं म्हणजे वेडेपणाच. पण सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. सहामाहीचे पेपर काढले, चार तपासले, पाचव्यावर नाव कुणाचं आहे तेच वाचता येईना. मग त्याच गठ्ठ्यातली कोरी पुरवणी ओढली आणि बसले. धाकटी समोर ओट्यावर आहे, सूप पुढ्यात घेऊन ज्वारी निवडतीय, खडे एका रांगेत लावतीय. तिचं बरं चाललंय. माझंच काही खरं नाही.

भादव्यात तिनं भाकरी खायची सोडली. मला वाटलं भाकरी कडक होत असेल, म्हणून दुधात कुस्करून दिली, तर तेही तोंडात धरून बसायची आणि थुंकायची. मग गालावर मुठीनं मारणं सुरू झालं. उजवा गाल, बसल्या जागी, धाडधाड. स्वतःच्या मनगटाला चावायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. ह्यांना वाटलं, माझी शाळा सकाळची झाली म्हणून बिनसलंय, कारण तिला घरातली घडी जरा हललेली चालत नाही, ते तुम्हाला काय सांगायचं. मी मीठमोहऱ्या उतरवल्या, आप्पा. जळकोटच्या शाळेत रोज सकाळी पोरांना रांगेत उभं करून "दात दाखवा" म्हणणारी बाई मी, आणि घरी बहिणीवरून मोहऱ्या ओवाळत होते. आणि तिचं मारणं थांबेना की हातावर लिमलेटची गोळी ठेवायची. गोळी चघळताना ती गप्प बसायची. हे काही त्या महिन्याचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. शाळेत जाताना एक, आल्यावर एक, पाहुणे आले की दोन, म्हणजे माझी चारचौघांत शोभा व्हायला नको. बरणी वरच्या फळीवर असते आणि ती माझा हात धरून मला तिथं घेऊन जाते.

गाल सुजून डोळ्यापर्यंत आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की दाढ दुखतीय. तोंड बघावं म्हणून हात लावला, तर तिनं ओठ आत घेतले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पंधरा वर्षांत तिच्या तोंडात कुणाचं बोट गेलं नव्हतं. ब्रश दिला की ती त्याचे केस चावून सपाट करायची आणि मी म्हणायची, झालं गं बाई घासून. शेवटी सोलापूरला एका दातांच्या डॉक्टरकडं नेलं. खुर्ची मागं गेली, दिवा डोळ्यावर आला, आणि ती जी ओरडत उठली ती सरळ जिन्याच्या खाली. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "हिला पूर्ण भूल देऊनच करावं लागेल. आणि भूल द्यायचीच, तर सगळे दात काढून मोकळं व्हा. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा हेच. ठेवले तर घासणार कोण?" छत्तीस वर्षांची बाई, आणि तोंडात एक दात नाही. मी हो म्हटलं, आप्पा. खरं तेच सांगते. तारीखसुद्धा घेतली, तीन आठवड्यांनंतरची. गाडीत हे एवढंच म्हणाले, "मग ती भाकरी कशानं खाणार?" मी त्यांच्यावरच डाफरले.

घासणार कोण. येताना वाटभर तेच डोक्यात. घासायचात तुम्ही.

जनावरांच्या बाजारात तुमचं कामच ते होतं, तोंडात बोट घालून दातांवरून वय सांगायचं. मारका बैल असला तरी तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोरून जायचा नाहीत. मानेच्या बाजूनं जाऊन अंगाला अंग लावून उभं राहायचात, थोडा वेळ काहीच करायचा नाहीत. मग एक हात नाकावर आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्यातून आत, जिथं जनावराला दातच नसतात त्या जागेत. बैल आपसूक जबडा सोडायचा. "दोन दाती हाय." "चार दाती." "समदे दात जुळल्यात की रं, कोवळा आदत म्हनून कुनाला सांगतुस?" तुमच्या शब्दावर माणसं डोळे झाकून जनावर न्यायची. आणि मग सौदा, उपरण्याखाली हात घालून, बोटांनी. अख्खा पंजा धरला की पाच, चार बोटं धरली की चार. वर दोघांचे चेहरे मख्ख, खाली बोटं बोलतायत. माय गेल्यावर धाकटीला कुणापाशी ठेवायचं म्हणून तुम्ही तिलाही टेम्पोत घालून न्यायचात. माणसांच्या गलक्यात कानावर हात घेणारी ती, शेळ्यांच्या मधोमध मात्र निवांत बसायची.

आणि घरी आल्यावर, जेवण झालं की ती तुमच्याकडं पाठ करून बसायची. कुणी बोलवावं लागायचं नाही. तिचं डोकं तुमच्या छातीला, तुमची हनुवटी तिच्या डोक्यावर, डावा हात तिच्या हातात आणि दोन्ही हातांवर उपरणं. उजव्या हाताचं बोट मिठात आणि बाभळीच्या कोळशाच्या मंजनात बुडवायचं, ओठाच्या कोपऱ्यातून आत, गालाच्या बाजूनं मागं, शेवटच्या दाढेच्या मागं. ती तोंड उघडायची. ओरडणं नाही, चावणं नाही. मी हे लहानपणापासून बघत आले होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. उपरण्याखाली काय चालायचं ते तर मी कधी विचारलंही नाही.

येळवसीच्या अमावस्येचा तो दिवस आठवतो का तुम्हाला? मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. तुळजापूरच्या दोन बाया, माझ्याच शाळेतल्या, मी शेतात जेवायला बोलवल्या होत्या. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, आंबील झाली, भज्जी आणि उंडे झाले. त्या दोघी भज्जीची वाहवा करत होत्या आणि मी मनातून अशी फुगले होते की विचारू नका. तेवढ्यात धाकटी उठली, हात न धुता तुमच्याकडं पाठ करून बसली, आणि तुम्ही उपरणं काढलं. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी हसत म्हणाली, "काय हो, किती दाती आहे?" तिला वाटलं ती गंमत करतीय. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला बोलायचं सोडून मी तुम्हाला बोलले, सगळ्यांसमोर. "आप्पा, ती काय बाजारातलं वासरू आहे का? जनावरासारखं तोंडात बोट घालताय. पुन्हा हे दिसलं नाही पाहिजे मला."

तुम्ही बोट बाहेर काढलंत. उपरण्याला पुसलंत. "बरं मास्तरीनबाई," म्हणालात, "न्हाय करनार." नोकरी लागल्यापासून तुम्ही मला मास्तरीनबाई म्हणायचात, गावभर सांगत सुटायचात, आमची मास्तरीनबाई अशी न् तशी. त्या दिवशीही आवाज तोच होता. मला आजवर कळलं नाही की तुम्ही तो मुद्दाम तसा ठेवलात की काय. पुढच्या बाजारातून तुम्ही निळा ब्रश आणलात आणि तिच्या हातात दिलात. ती जेवण झालं की तरीही तुमच्याकडं पाठ करून बसायची. कितीतरी दिवस. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवायचात आणि उठून जनावरांकडं जायचात. मी हे बघितलंय. चुलीपाशी बसून बघितलंय, आणि एका शब्दानंही म्हटलं नाही की आप्पा, माझं चुकलं, करा तुमचं तुम्ही. मला वाटलं, सवय सुटेल. सुटलीच. ती बसायची बंद झाली.

तर सोलापूरची तारीख घेऊन आम्ही घरी आलो आणि ह्यांनी कुठून तरी धाराशिवच्या दातांच्या एका डॉक्टरबाईची माहिती काढून आणली. लहान वयाची पोरगी आहे, माझ्या वर्गातून शिकून गेल्यासारखी दिसते. तिनं दिवा लावला नाही, खुर्चीला हात लावला नाही. फरशीवर बसली, धाकटीपासून हातभर लांब, आणि माझ्याशीच बोलत राहिली. धाकटी तिच्या चपलांकडं बघत होती. डॉक्टरबाई म्हणाली, "ताई, ह्याला ऑटिझम म्हणतात. ह्या माणसांना एवढासा उजेड, एवढासा आवाज, तोंडातला नुसता ब्रशसुद्धा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. आणि दुखतंय हे सांगता येत नाही, म्हणून ती मारून सांगतीय." येडी, मुकी, हलक्या डोक्याची, गावानं तिला काय काय म्हटलं, आप्पा, आणि तुम्ही म्हणायचात, "येडी न्हाय, बुजरी हाय." तुमचा शब्दच डॉक्टरबाईच्या शब्दाच्या जास्त जवळ होता, आमचा कुणाचाच नाही.

तिनं सूज उतरायला औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "पंधरा दिवस आहेत आपल्या हातात. मला एकदा नीट आत बघू दिलं, तर कदाचित एखाद्या दाढेवर निभावेल. नाहीच उघडलं तोंड, तर मग भुलीशिवाय इलाज नाही, आणि भुलीत मला एकाच खेपेत सगळं उरकावं लागेल. कधी कुणाला तोंडात हात घालू द्यायची का ती?" मी म्हटलं, "वडिलांना." "कसं करायचे ते?" आणि मी म्हटलं, "काय माहीत, मी नोकरीवर असायची." तोंडातून निघून गेलं. मग तिनं टेबलावरचा चुन्याचा जबडा घेतला आणि मला दाखवलं, कडेनं जायचं, समोरून नाही, बोट दातांच्या बाहेरून गालाला लावून मागं न्यायचं, शेवटच्या दाढेच्या मागं थोडी मऊ जागा असते तिथं दाबायचं. तिचं बोट बघत होते आणि मला ते तुमचं दिसत होतं, नखात कोळसा असलेलं.

त्या दिवसापासून जेवण झालं की मी ओट्यावर जाऊन बसायला लागले, मागं, भिंतीला टेकून. धाकटीनं तीन दिवस ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी आली, उभी राहिली, गेली. मी तिथंच. सहाव्या दिवशी माझ्याकडं पाठ करून बसली आणि डोकं टेकवलं. तिचे केस पिकलेत, आप्पा, मला ते इतक्या जवळून पहिल्यांदा दिसले. मी पदर दोघींच्या हातांवर घेतला. तिनं लगेच बोटं पुढं केली, आणि तेव्हा कुठं मला कळलं की उपरण्याखाली तुम्ही नुसता हात धरून बसत नव्हतात. किती वेळ बोट फिरणार ते तुम्ही तिला मोजून देत होतात. मग मीही मोजायला लागले. मास्तरीणच मी. एक बोट दाबलं, मग दोन, मग तीन, मग चार. तिचं अंग ताठ झालं, श्वास वाढला, आणि ती उठून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. एक, दोन, तीन, आणि गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं उठायच्या ऐवजी माझा हात पकडला. पदराखालीच. माझी पाचही बोटं तिनं मुठीत घेतली आणि घट्ट दाबली. मग एक बोट सोडलं, चार दाबली. मग तीन. मग दोन. मग एक. मग हात सोडून दिला आणि मोकळा तळवा मांडीवर ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा तसंच, पाचावरून खाली. मी चढतं मोजत होते, आप्पा, आणि चढत्या मोजणीला शेवटच नसतो, तिनं कुठवर धीर धरायचा? तुम्ही पाचापासून उतरत यायचात, म्हणजे किती उरलंय ते तिला ठाऊक असायचं. पंधरा वर्षं मी पोरांना उजळणी शिकवते, आणि ज्या बहिणीला मी पाटीसुद्धा दिली नाही तिनं मला मोजायला शिकवलं. मी तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवली आणि रडून घेतलं. तिला ते काही आवडलं नाही, तिनं डोकं हलवून मला बाजूला केलं. मग मी डोळे पुसले, पंजा धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्यातून आत नेलं. पाच, चार, तीन, दोन, एक. तिनं तोंड उघडलं. आतला वास असा होता की माझी मलाच शरम वाटली.

परवा धाराशिवला गेलो. खुर्चीवर आधी मी बसले, धाकटी माझ्या पुढ्यात, पाठ टेकवून, पदर हातांवर. डॉक्टरबाई कडेनं आली. तिला मी आकडा सांगत होते आणि ती तेवढाच वेळ आरसा आत ठेवत होती, एकावर आलं की बाहेर. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. एक दाढ पार गेली होती, ती काढावी लागली. सुई टोचताना धाकटीनं माझी बोटं अशी दाबली की अंगठी रुतली, पण एकावर आल्यावरही ती उठली नाही आणि आम्ही पुन्हा पाच धरलं. दोन दाढा भरायच्या आहेत, पुढच्या महिन्यात. बाकीचे शाबूत. डॉक्टरबाई म्हणाली, "ताई, त्या लिमलेटच्या गोळ्यांनी मागचं बिघडलंय, ते बंद करा. पण हिरड्या आणि पुढचे दात बघा, लहानपणापासून कुणीतरी हिची फार निगा राखलीय." सोलापूरची तारीख ह्यांनी तिथूनच फोन करून रद्द केली. काल संध्याकाळी तिनं दुधातली भाकरी खाल्ली, डाव्या बाजूनं, आणि आणखी मागितली. म्हणजे ताटली माझ्यापुढं सरकवली.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तिथं दुसरी एक बाई बसली होती, कळंबकडची, तिची दहा-बारा वर्षांची मुलगी अशीच आहे. तिनं दारातून सगळं पाहिलं होतं. धाकटीच्या तोंडात कापूस देऊन आम्ही बाहेर आलो तर तिनं माझा हातच धरला. "ताई, हे हातावर बोटं दाबायचं कुठं शिकलात? आमची तर ब्रश बघितला की घर डोक्यावर घेती." डॉक्टरबाईही वळून बघायला लागली, तिलाही ऐकायचं होतं. आणि मी म्हटलं, "आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण असतं ना, त्यात शिकवलं होतं." विचार करायला लागलाच नाही. डॉक्टरबाई म्हणाली, "किती छान. मग शनिवारी याल का? पाच-सहा घरची माणसं बोलावते, त्यांना दाखवा एकदा." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. धाकटी शेजारीच उभी होती. तिला बोलता येत नाही म्हणून मला कुणी खोडून काढलं नाही.

सकाळपासून हे असं चाललंय ते त्यामुळंच. शनिवार परवावर आलाय. जायचं तर आहेच, त्या बाईच्या मुलीचं तोंड उघडायला हवं, त्यात माझ्या लाजेचं काय घेऊन बसायचं? पण कुणीतरी पुन्हा विचारणारच, शिकलात कुठं म्हणून. हा कागद टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकला असता का, माहीत नाही. मघाशी आरशापुढं उभी राहिले आणि म्हणून बघितलं, माझे वडील बाजारात बैलांचे दात बघायचे, त्यांचं आहे हे. घरात धाकटीशिवाय कुणी नव्हतं, आप्पा, तरी बैल म्हणताना माझा आवाज खाली आला.